मेमध्ये सैल, जुलैत घट्ट: संत्रा बर्फीच्या एका पेटीचं प्रकरण

नागपूरहून पाहुणा परत निघाला की त्याच्या हातात संत्रा बर्फी ठेवली जाते. ती पेटी काउंटरवरून निघते, गाडीच्या डिकीत तापते, रेल्वेच्या बर्थखाली रात्र काढते आणि पुण्या-मुंबईच्या कुणाच्या तरी ओट्यावर उघडली जाते. डिझाइन करणारा मात्र ती बहुतेक वेळा स्क्रीनवरच बघतो.

हे प्रकरण शहरातल्या एका मिठाई दुकानाच्या अर्धा किलोच्या भेटपेटीचं. पहिला जॉब मेच्या मध्यावर छापला, ५,००० नग. पेट्या दुकानात आल्या तेव्हा जरा सैल वाटत होत्या, पण सैल पेटीबद्दल कुणी तक्रार करत नाही. पावसाळा स्थिरावला तसा ट्रे ओढताना अडकू लागला, बाजूचे जोड उकलू लागले, तारखेचा शिक्का पुसला जाऊ लागला. राखीच्या ऑर्डरी कशाबशा निभावल्या आणि दिवाळीसाठी सप्टेंबरमध्ये पेटी नव्याने केली. चित्र तेच, नाव तेच. बदलली ती बोर्डाच्या म्हणजे पुठ्ठ्याच्या ग्रेनची (तंतूंची) दिशा, नारिंगी शाई आणि फिनिशिंगची (छपाईनंतरच्या सजावटीची) यादी. यादी वाढली नाही, निम्मी झाली. तरी दुसरी पेटी जास्त महागाची दिसते.

पेटीची रचना

रचना काडेपेटीची. आत ट्रे, वरून सरकणारी स्लीव्ह, स्लीव्हच्या एका कडेला अंगठ्यासाठी २० मिलिमीटरची अर्धगोल खाच. बर्फीची वडी साधारण ३८ × ३८ × २० मिलिमीटर, वजन बत्तीस ग्रॅमच्या आसपास. चार ओळी, चार रांगा, सोळा वड्या म्हणजे अर्धा किलो भरतो. त्यावरून ट्रेचं बाहेरचं माप १६० × १६० × २८ मिलिमीटर ठरलं. वडीच्या मापापासून सुरुवात करणं हाच योग्य क्रम. आधी देखणी पेटी ठरवून मग वड्या बसवायला गेलं की एक तर वड्या हलून कोपरे मोडतात, नाही तर झाकण फुगतं.

पहिल्या जॉबची यादी अशी होती: ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) फोल्डिंग बॉक्स बोर्ड, चार रंगांची छपाई, वरून मॅट थर्मल लॅमिनेशन (गरम रोलरने चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म), संत्र्यावर स्पॉट युव्ही (तेवढ्याच जागी चकचकीत लेप), नावावर सोनेरी फॉइल आणि त्याच संत्र्याला एम्बॉसिंग (दाबून आणलेला उठाव). पार्श्वभूमी गडद हिरवी, मध्यभागी ६० मिलिमीटरचं सोललेलं संत्रं, फोडींच्या मधून पांढऱ्या बारीक रेषा. स्क्रीनवर हे फार सुरेख दिसत होतं. यादीतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर चुकीची नाही. पण एकमेकींच्या अंगावर चढल्यावर काय होतं ते कुणी तपासलं नव्हतं, आणि छपाईपासून पेस्टिंगपर्यंत (जोड चिकटवेपर्यंत) सगळं पाच दिवसांत उरकलं होतं.

ट्रे का अडकला

कागद बनताना लगद्यातले तंतू मशीनच्या वाहण्याच्या दिशेने रांगेत लागतात. ती ग्रेनची दिशा. हवेतला ओलावा घेतला की कागद तंतूंच्या लांबीत फारसा वाढत नाही. आडव्या दिशेने त्याच्या कित्येक पट वाढतो. सुकला की तसाच आकसतो. एका बाजूला प्लॅस्टिकची फिल्म चिकटवली की ती बाजू ना वाढते ना आकसते. मग बोर्ड वाकतो.

आता नागपूरचं हवामान यावर ठेवून पाहा. मेच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता कित्येकदा वीस टक्क्यांच्या खाली जाते, पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढे असते. मेमध्ये छापलेला बोर्ड लॅमिनेशनच्या तापलेल्या रोलरमधून गेला, होता नव्हता तो ओलावाही गेला. आतली, कागदाची बाजू आकसली, बाहेरची फिल्म होती तशीच राहिली. परिणाम: स्लीव्हचा वरचा पाखा (मोठी सपाट बाजू) बाहेरच्या बाजूला फुगला. म्हणून सैल. जुलैत उलट झालं. कागदाने आतून ओलावा पिऊन पसारा वाढवला, फिल्मने साथ दिली नाही, पाखा आत दबला आणि ट्रेला चिकटून बसला. ट्रे आणि स्लीव्हमध्ये ठेवलेली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर होती. तिचा निभाव लागणं शक्यच नव्हतं.

फिल्म असूनही हे टळलं असतं, निदान बरंचसं, जर ग्रेन योग्य दिशेने असता. या स्लीव्हला लांबीच्या दिशेने चार घड्या आहेत. पहिल्या जॉबमध्ये ग्रेन त्या घड्यांना समांतर गेला होता, म्हणजे सगळं वाढणं-आकसणं १६१ मिलिमीटरच्या मोकळ्या पाख्यात झालं. तोच ग्रेन घड्यांना काटकोनात, स्लीव्हच्या भोवती फिरणारा ठेवला असता, तर बोर्डाने वाकायचा प्रयत्न खाचेपासून मागच्या कडेकडे केला असता. त्या दिशेला बाजूच्या दोन उभ्या भिंती तुळईसारख्या आधाराला असतात, त्या वाकू देत नाहीत. पुस्तकाच्या बाबतीत ग्रेन घडीला समांतर ठेवा असं शिकवलं जातं, ते बरोबरच आहे. कार्टनला तोच नियम डोळे मिटून लावला की असं होतं.

खरी गंमत म्हणजे यात पैशाचा प्रश्नच नव्हता. बोर्डाचं बिल २३ × ३६ इंच एवढंच सांगत होतं. रीळ कोणत्या रुंदीला कापली त्यावर ग्रेन ३६च्या बाजूने येतो किंवा २३च्या. दोन्ही गठ्ठे गोदामात शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक कळत नाही, दरातही फरक नसतो. ऑर्डरमध्ये ‘ग्रेन ३६च्या बाजूने’ हे तीन शब्द नव्हते, म्हणून जो गठ्ठा हाताशी होता तो आला.

ओळखायची रीत सोपी. बोर्डाचा १० सेंटिमीटरचा चौरस कापून मागची बाजू ओल्या स्पंजाने पुसा. तुकडा आपोआप पन्हळीसारखा वळतो. पन्हळीची लांबी ज्या दिशेने, ती ग्रेनची दिशा. कापण्याआधी तुकड्यावर शीटच्या ३६ इंची बाजूची खूण करायला विसरू नये, नाही तर प्रयोग छान होतो आणि उत्तर कळत नाही.

कूलर नावाचा खलनायक

इथल्या छापखान्यात उन्हाळ्यात वाळ्याचे किंवा गवताच्या ताट्यांचे कूलर लागतातच, माणसांना दुसरा इलाज नाही. पण कूलर गारव्याबरोबर पाणीही फेकतो. उघडा गठ्ठा त्याच्या झोतात असला तर त्या बाजूची कड ओलावा घेऊन लाटांसारखी होते. आणि झोतापासून लांब, कोरड्या हवेत उघडा पडलेला गठ्ठा उलट वागतो: कडा सुकून ताणल्या जातात, मधला भाग पोकळ राहतो. दोन्ही प्रकारचे शीट एकाच जॉबमध्ये मशीनवर गेले तर रजिस्टर लागत नाही, म्हणजे रंग एकावर एक नेमके बसत नाहीत. शिवाय कोरड्या हवेत शीट स्थिर विजेने एकमेकांना चिकटतात आणि शीट मशीनमध्ये घेणारा फीडर दोन-दोन उचलतो.

पहिल्या जॉबमध्ये स्पॉट युव्ही संत्र्याच्या कडेवरून अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकलेला दिसतो तो यामुळेच. युव्ही छापायची जाळी, म्हणजे स्क्रीन, बनवली फाइलच्या मापाने. छपाई आणि लॅमिनेशन होईतो शीट त्या मापाचा राहिलाच नव्हता. शीटच्या एका कोपऱ्यातल्या पेटीवर युव्ही बरोबर, समोरच्या कोपऱ्यातल्या पेटीवर बाहेर, अशी तक्रार आली की स्क्रीनवाल्याला दोष देण्याआधी शीट मोजावा.

उपाय खर्चिक नाहीत. गठ्ठे वेष्टनासकट छपाईच्या खोलीत २४ ते ४८ तास आधी आणून ठेवायचे आणि लागेल तेवढंच वेष्टन फोडायचं. दोन प्रक्रियांच्या मध्ये थप्पी प्लॅस्टिकने झाकायची, कूलरचा झोत थप्पीपासून दूर वळवायचा आणि भिंतीवर एक साधा डिजिटल आर्द्रतामापक लावायचा. कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मेमध्ये ती राखणं कठीण, हे खरं. म्हणूनच दुसरा जॉब सप्टेंबरात करता आला हे नशीब, आणि ते नशीबच होतं हे इथे लिहून ठेवायला हवं.

नारिंगी रंगाचं काय झालं

संत्र्याच्या पेटीवर संत्रंच मळकट दिसलं, ही दुकानदाराची पहिली तक्रार होती आणि ती सर्वांत रास्त होती. फाइलमध्ये नारिंगी ५५ टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के पिवळा अशी बांधली होती. सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या चार शाईंतून झळझळीत नारिंगी निघत नाही. ती त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. त्यावर मॅट फिल्म आली. मॅट पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, त्यामुळे रंग आणखी फिका आणि धुरकट भासतो. ज्या प्रूफवर (मंजुरीच्या नमुन्यावर) सही झाली ते चकचकीत फोटो पेपरवरचं इंकजेट प्रूफ होतं. सही त्या कागदाला मिळाली, या बोर्डाला नाही.

दुसऱ्या जॉबमध्ये चार रंग सोडून तीन ठरवलेल्या शाई घेतल्या: पँटोन (छटांना ठराविक क्रमांक देणारी पद्धत) ऑरेंज ०२१, गडद हिरवी आणि काळी. ०२१ ही पँटोनच्या मूळ शाईंपैकी एक आहे; ती मिसळून करावी लागत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी तीच छटा परत मिळणं सोपं. याचा आणखी एक फायदा झाला जो आधी कुणाच्या ध्यानात नव्हता. फोडींमधल्या पांढऱ्या रेषा ०.४ मिलिमीटरच्या आहेत. पहिल्या जॉबमध्ये त्या पिवळ्या आणि मॅजेंटा अशा दोन प्लेटमधून मोकळ्या सोडलेल्या होत्या. रजिस्टर केसाएवढं हललं की रेष एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने गुलाबी. एकच शाई, एकच प्लेट म्हटल्यावर हलायला काही उरलंच नाही. रेष स्वच्छ निघाली. आणि ती पांढरी रेष म्हणजे शाई नव्हे, बोर्डाचाच पांढरेपणा आहे. कागद डिझाइनचा भाग होतो तो असा.

शाई बोर्डवर सुकल्यावर थोडी उतरते. म्हणून शाईवाल्याकडून छटेचा नमुना मागवताना तो आपल्याच बोर्डाच्या तुकड्यावर, आपलंच वॉर्निश लावून मागवावा आणि दुसऱ्या दिवशी दिवसाच्या उजेडात बघावा. आणखी एक. केशरी-तांबड्या शाईंतली बरीच रंगद्रव्यं उन्हात टिकत नाहीत. दुकानाच्या काचेत मांडून ठेवलेली नमुना पेटी महिन्याभरात फिकटली तर आश्चर्य नको. शाई घेताना ब्ल्यू वूल मापावर तिचा अंक विचारावा. माप १ ते ८, अंक जितका मोठा तितकी शाई उन्हाला चिवट.

लॅमिनेशन गेलं

गडद हिरव्यावरच्या मॅट फिल्मचे आणखी तीन त्रास होते. छपाईनंतर शीट एकमेकांना डागू नयेत म्हणून मारलेली पावडर फिल्मखाली अडकली आणि हिरव्यावर चांदीसारखी बारीक कण-कण चमक आली. पावडर कमी ठेवणं आणि लॅमिनेशनआधी शीट पुसून काढणं हा त्यावरचा इलाज, पाच दिवसांच्या घाईत तो कुणी केला नाही. दुसरा त्रास तुपाचा. पेटी भरणाऱ्या माणसाचे हात कितीही पुसले तरी तुपकट असतात, आणि गडद मॅटवर प्रत्येक बोट उमटतं. तिसरा जोडाचा. पाणी-आधारित पांढरा गोंद कागदाच्या तंतूंत शिरून धरतो. प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये तो शिरणार कुठे? उन्हाळ्यात जोड धरलेला दिसला, ओलाव्याने उकलला. लॅमिनेशन ठेवायचंच असेल तर डायमध्ये (पेटीचा आकार कापणाऱ्या साच्यात) चिकटवायच्या पट्टीच्या जागी छिद्रांची पाती बसवून फिल्म फोडून घ्यावी लागते, किंवा फिल्मवर धरणारा वेगळा गोंद वापरावा लागतो.

इथे फिल्मच काढून टाकली आणि जलाधारित मॅट वॉर्निश घेतलं. छपाई मशीनला रंगांच्या युनिटनंतर कोटर (वॉर्निश लावणारं युनिट) होता, म्हणजे वॉर्निश त्याच फेरीत लागलं, शीट दुसऱ्या कारखान्यात गेलाच नाही. तेलाधारित वॉर्निश स्वस्त पडलं असतं, पण त्याचा वास बरेच दिवस रेंगाळतो आणि खवा वास पटकन धरतो. मिठाईच्या पेटीत ते नकोच. अपुऱ्या दिव्याखाली नीट न सुकलेल्या युव्हीचंही तेच; पहिल्या जॉबच्या काही पेट्या नुसत्या उघडल्या तरी वास येत होता.

कोटरच्या ब्लँकेटवर (वॉर्निश शीटवर नेणाऱ्या रबरी पत्र्यावर) तीन जागा कापून मोकळ्या सोडल्या; तिसरी फॉइलखालची. एक १५ मिलिमीटरची चिकटवायची पट्टी, जिथे शाईही नाही आणि वॉर्निशही नाही. दुसरी तळाच्या पाख्यावर ४५ × १२ मिलिमीटरची चौकट, तारखेच्या शिक्क्यासाठी. ही दुसरी जागा डिझाइनर हमखास विसरतो. बॅच क्रमांक, तारीख हे सगळं दुकानात रोज बदलतं, रबरी शिक्क्याने किंवा छोट्या इंकजेटने उमटवलं जातं आणि फिल्मवर ते सुकत नाही. एका पेटीवरची तारीख दुसरीच्या पाठीवर उमटली की ग्राहक डिझाइनला नाही, दुकानाला बोल लावतो.

वॉर्निश तुपापासून फिल्मइतकं वाचवत नाही, हे मान्य करायला हवं. म्हणून हिरवा थोडा उजळ केला आणि पेटीच्या ज्या दोन कडा भरताना हातात येतात तिथे शाई न घेता बोर्ड कोरा ठेवला. डाग पडतो, पण दिसत नाही.

अक्षरं आणि सोनं

सोनेरी नाव दुकानदाराला हवंच होतं. डिझाइनरचं मत फॉइल काढून टाकावं असं होतं. दिवाळीची पेटी आहे, सोनं नको म्हणणं हट्टाचं झालं असतं. फॉइल राहिलं, अक्षरं बदलली.

देवनागरीत फॉइल कुठे भरतं ते ‘संत्रा बर्फी’ या दोनच शब्दांत पाहता येतं. ‘र्फी’मध्ये रफार दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर बसतो, त्या दोघांच्या मधली फट पहिल्या जॉबमध्ये ०.२ मिलिमीटर होती. तापलेल्या ब्लॉकखाली फॉइल त्या फटीत पसरलं आणि रफार-वेलांटीचा एक गोळा झाला. ‘त्र’ची तिरपी रेघ आणि दंड यांच्यातल्या कोपऱ्यात तेच. ‘सं’वरचा अनुस्वार शिरोरेषेला टेकला. उलट टोकाला, शिरोरेषा इतकी बारीक होती की काही पेट्यांवर मध्येच तुटली. स्क्रीनवर अक्षर मोठं करून बघितलं तर हे काहीच दिसत नाही. खऱ्या मापात, काळ्या मार्करने भरल्यासारखं बघितलं की दिसतं.

दुसऱ्या वेळी अक्षराची उंची ८ वरून १३ मिलिमीटर केली, सर्वांत बारीक रेघ ०.४ मिलिमीटरच्या खाली जाऊ दिली नाही आणि फटी ०.५च्या खाली नाहीत. रफार वेलांटीपासून हाताने सोडवला, थोडा वर आणि डावीकडे. फाइलमध्ये फॉइल वेगळ्या लेयरवर, १०० टक्के काळ्यात, व्हेक्टर रूपात. छटा नाही, सावली नाही. फॉइलखालची जागा वॉर्निशशिवाय सोडली. मॅग्नेशियमचा ब्लॉक या संख्येला पुरतो. तोच ब्लॉक वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर पितळेचा बनवावा.

एम्बॉसिंगचं नशीब फिनिशिंग कमी केल्याने उजळलं. पहिल्या पेटीवर संत्र्याच्या सालीचे खड्डे दाखवायला अर्ध्या मिलिमीटरचे ठिपके दिले होते. वरून फिल्म, त्यावर युव्हीचा थर. उठाव उमटायच्या आधीच बुजला, आणि कोरडा बोर्ड मेल-फिमेलच्या (उठाव देणाऱ्या साच्यांच्या जोडीच्या) तीक्ष्ण कडेवर जागोजाग चिरला तो वेगळाच. आता खड्डे एक मिलिमीटरच्या वरचे, संख्येने कमी, एकसारखे नाहीत. उठाव ०.४ मिलिमीटर, कडा तिरप्या. फक्त सालीच्या भागाला एम्बॉसिंग, फोडी सपाट. अंधारात बोट फिरवलं तरी साल कुठे संपते ते कळतं. चकाकीची गरज युव्हीने भागवायचा जो आटापिटा होता तो या उठावावर पडणाऱ्या तिरप्या उजेडानेच भागला. उठावाचं चित्र घडीपासून १० मिलिमीटर तरी लांब ठेवावं, नाही तर क्रीझ (घडीसाठी दाबलेली रेघ) वाकडी जाते.

मापं, हिशेब, क्रम

सुधारित स्लीव्हचे मोठे पाखे १६२, बाजूच्या भिंती ३०, पट्टी १५. उलगडून ३९९ × १६० मिलिमीटर, दोन्हीकडे ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेरची जादा छपाई) धरून ४०५ × १६६. २३ × ३६ इंची शीटवर ३६च्या बाजूने दोन, २३च्या बाजूने तीन, म्हणजे सहा. ग्रिपरची (मशीनने शीट धरायची) जागा सुटून कडेला पुरेशी जागा राहते.

५,००० पेट्यांना ८३४ शीट. छपाईच्या मेकरेडीला (मशीन जुळवताना वाया जाणारे) १२०, फॉइलला ३५, एम्बॉसिंगला ३५, पंचिंग (साच्याने कापणं) आणि पेस्टिंगला ४० धरले आणि ऑर्डर १,१०० शीटची दिली. बोर्ड किलोवर मिळतो, म्हणून वजन काढता यायला हवं: इंचातली लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम भागिले १५५०, उत्तर ग्रॅममध्ये. २३ × ३६ × ३०० ÷ १५५० म्हणजे शीटमागे १६० ग्रॅम, एकूण १७६ किलो. तराजूवर गठ्ठा यापेक्षा बराच हलका भरला तर जीएसएम कमी आहे किंवा शीट कमी आहेत. दोन्ही आधीच कळलेलं बरं.

क्रीझिंगचं गणित डायवाल्यावर सोडलं जातं, पण डिझाइनरला ते माहीत असावं. बोर्डाची जाडी ०.४३ मिलिमीटर, क्रीझ रूल (घडीची रेघ दाबणारी पाती) दोन पॉइंटचा म्हणजे ०.७१. खालच्या नालीची रुंदी रूलची जाडी अधिक बोर्डाच्या जाडीची दुप्पट: सुमारे १.६. कापायची पाती २३.८ मिलिमीटर उंच, क्रीझ रूल बोर्डाच्या जाडीएवढा कमी, म्हणजे २३.४. ग्रेन आता घड्यांना काटकोनात असल्याने घडी घालताना तंतूच मोडावे लागतात. नाली अरुंद राहिली तर वरचा थर फुटून हिरव्या कडेवर पांढरी रेघ दिसेल. पहिल्या पन्नास शीटमधून चार पेट्या काढून १८० अंशात दुमडून पाहिल्या. दोन घड्यांवर फुटल्याची सुरुवात होती, तिथली नाली १.७ची केली.

क्रम असा राहिला: छपाई आणि वॉर्निश, २४ तास थांबणं, फॉइल, एम्बॉसिंग, पंचिंग, पेस्टिंग, पुन्हा २४ तास वजनाखाली. एकूण ११ दिवस. पाच दिवसांत हेच मागितलं तर छापखाना थांबण्याचे तासच कापतो, दुसरं कापण्यासारखं त्याच्याकडे नसतं.

ट्रेबद्दल थोडक्यात. ३५० जीएसएमचा बोर्ड, आतून पूर्ण कोरा, वर तूप न झिरपणारा ग्रीसप्रूफ कागद. पहिल्या वेळी साधा बटर पेपर होता, तिसऱ्या दिवशी तळाला तुपाचे चंद्र उमटत. अन्नाच्या वेष्टनाबद्दलच्या २०१८च्या एफएसएसएआय (अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमांनुसार छापील बाजू अन्नाला लागता कामा नये आणि शाई आयएस १५४९५ मानकाची हवी. शाईचं ते प्रमाणपत्र छापखान्याकडून लेखी मागून ठेवावं.

पेटीत एक चार घड्यांचं पत्रकही होतं, नागपुरी संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांची माहिती देणारं. ते आधी १३० जीएसएम आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या कागदावर) होतं. आता १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या कागदावर. बल्लारपूरची गिरणी विदर्भातच, त्यामुळे या कागदाची ओळख इथल्या छापखान्यांना जुनी आहे. मॅपलिथो शाई शोषतो, ठिपके पसरतात. फोटोतले मधले टोन उजळ करून चारही रंगांची मिळून एकूण शाई २६० टक्क्यांच्या आत ठेवली. आणि पत्रकावर भौगोलिक मानांकनाचं बोधचिन्ह होतं ते काढलं: २०१४चं ते मानांकन संत्रा या फळाचं आहे, बर्फीच्या पेटीवर ते आपल्या मनाने छापता येत नाही.

ताबा घेण्याआधीच्या चाचण्या

पेट्या उचलण्याआधी तीन गोष्टी करून पाहिल्या. दहा स्लीव्ह झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, तळाला ओला फडका आणि त्यावर जाळी ठेवून, २४ तास बंद. दुसऱ्या दहा गच्चीवर उन्हात, दुपारभर. दोन्हींत अर्धा किलो भरलेला ट्रे घालून एका हाताने ओढला. ओल्यातल्या एका पेटीत किंचित अडला, बाकी सरळ आले. दुसरी चाचणी जोडाची: २४ तासांनी पट्टी ओढून फाडली की गोंद न सुटता बोर्डाचे तंतू उखडले पाहिजेत. तिसरी फॉइलवर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. सोनं पट्टीवर आलं तर तापमान किंवा दाब कमी पडला आहे.

दिवाळीच्या पेट्यांवर तरी एक खोट राहिलीच. चिकटवलेल्या सपाट स्लीव्ह शंभरच्या गठ्ठ्यात सुतळीने आवळून दुकानात गेल्या. गठ्ठ्याच्या मधल्या तीस-चाळीस स्लीव्हवरचा सालीचा उठाव दाबला गेला आणि वरच्या-खालच्या चारेक स्लीव्हच्या कडेवर सुतळीचा वळ उमटला. सगळे उठाव एकाच जागी एकावर एक आल्याने दाब तिथेच साचत होता. पुढच्या ऑर्डरच्या कागदावर ग्रेनच्या ओळीखाली आणखी एक ओळ आली: गठ्ठा ५०चा, दर दहा स्लीव्ह उलट-सुलट, सुतळी नको, कागदी पट्टा.